सध्या काय वाचताय, पुढे काय वाचणार? (आणि मोठ्यानं वाचून दाखवण्यासारखं काही सुचवा)

मृगबहार

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी सध्या उद्धव शेळक्यांची 'धग' चालू आहे. 'घरी' म्हणते, कारण मी एकटी वाचत नाही, बाबांना वाचून दाखवते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. बाबांनी जन्मभर मोर्शीकडे संत्र्याची बाग केली, पण रात्री पेपर, पोथी, कादंबरी, हाती येईल ते वाचल्याशिवाय ते झोपले नाहीत. त्यामुळे जेवणं झाली की आमचं वाचन सुरू होतं, आणि ते म्हणतील तिथे थांबतं.

'धग' १९६० सालची. कॉलेजात असताना मी ती परीक्षेसाठी वाचली होती, तेव्हा फक्त दुःख लक्षात राहिलं होतं. आता मोठ्यानं वाचताना ती मला वेगळीच दिसते आहे. कौतिकबद्दल बोलताना 'ग्रामीण स्त्रीची सोशिकता' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही. कौतिक सोसत बसलेली नाही, ती सतत काहीतरी मांडते आहे. घरात दाणे किती, बिऱ्हाड हलवायचं का, पोरगा शाळेत जाणार की कामाला, या सगळ्याचा विचार तीच करते. महादेव शिंपी आहे, पण हातात कला असूनही त्याच्याच्यानं संसार पेलत नाही. पुढे त्याला महारोग होतो. तरी कौतिक एकदाही भाषण देत नाही. तिचं सगळं बोलणं कामाचं असतं, त्या त्या क्षणापुरतं. शेळक्यांची ताकद मला तिथे वाटते.

संवाद वऱ्हाडीत असल्यामुळे मला ते वाचायला काही करावं लागत नाही, आपोआप तोंडी येतात. बाबा मधेच थांबवतात. "थांब बाई, अशी बाई मी पाह्यली हाये. आपल्या वाडीत होती थे." मग त्या बाईची गोष्ट सुरू होते, आणि कधी कधी त्या रात्री पुस्तक पुढे सरकतच नाही. मला ते फार आवडतं. शेवट जवळ आला आहे. तो मला ठाऊक आहे, त्यामुळे तो वाचायचा थोडा धाक वाटतो आहे.

त्याआधी 'बनगरवाडी' झाली. माडगूळकरांचं हे पुस्तक म्हणजे मोठ्यानं वाचायला जणू मुद्दाम लिहिल्यासारखं आहे. प्रकरणं आटोपशीर, वाक्यं छोटी, माणूस आला की दोन ओळींत उभा. औंधच्या राजाच्या हस्ते तालमीचं उद्घाटन होतं तो भाग बाबांनी पुन्हा वाचायला लावला. शेवटी दुष्काळानं वाडी ओस पडते तेव्हा मात्र ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "मेंढरं घेऊन जाऊ शकतेत लोकं. बाग कुठं नेता येते?" संत्र्याची झाडं वाळताना ज्यानं पाहिली आहेत त्याचं ते वाक्य होतं.

'ययाति' मात्र अर्ध्यात सोडली. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळवून देणारी कादंबरी आहे, बाबांनी तरुणपणी ती वाचलीही होती. पण ऐकताना देवयानी, शर्मिष्ठा, ययाति, सगळे एकाच आवाजात बोलतात असं आम्हा दोघांनाही वाटलं. डोळ्यांनी वाचताना सुंदर वाक्य आलं की आपण थांबून पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला तसं थांबता येत नाही, त्यामुळे अशी वाक्यं एकामागून एक आली की त्याचं लक्ष सुटतं.

आता प्रश्न. 'धग'नंतर काय घ्यावं? बाबांची फर्माईश आहे, "आता जरा फिरस्तीचं वाच, घरातलं रडणं पुरे." शिवाय माझ्या मनात थंडीसाठी श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' आहे, पण दोन खंड ऐकणाऱ्याला झेपतील का? कोणी एवढी मोठी कादंबरी कुणाला वाचून दाखवली आहे का?

आणि तुम्ही स्वतः काय वाचताय तेही सांगा. बाबा झोपले की मी माझ्यापुरतं 'रणांगण' पुन्हा वाचते आहे. विश्राम बेडेकरांची ही छोटी कादंबरी १९३९ सालची, म्हणजे महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षीची. युरोपातून परतणाऱ्या बोटीवरचा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. युद्धात पुढे काय झालं हे आपल्याला माहीत आहे, लिहिणाऱ्याला अजून माहीत नव्हतं, हे सारखं मनात येत राहतं. हे पुस्तक बाबांना वाचून दाखवावंसं वाटत नाही. ते एकट्यानंच वाचावं.

---

वाशिष्ठी

मृगबहार, 'तुंबाडचे खोत' जरूर घ्या. मी चिपळूणची, वाचनालयात काम करते, आणि आमच्या आत्येला मी दोन्ही खंड वाचून दाखवले आहेत. तिचं माहेर खेडकडचं. जगबुडी नदीचं नाव आलं की ती सावरून बसायची.

अडचण लांबीची नाही, माणसांची आहे. चार पिढ्या आहेत, खोतांचं घराणं पसरलेलं आहे, आणि तीच तीच नावं वेगवेगळ्या नात्यांनी येतात. वाचणारा पान उलटून मागे जातो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. मी एक केलं होतं. वाचायला बसलं की आधी दोन मिनिटं, आज कोण कोण भेटणार आहे आणि तो कुणाचा कोण, एवढं बोलायचे. चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर आत्याच मला सांगायला लागली.

माझं मत विचाराल तर पहिला खंड दुसऱ्यापेक्षा सरस आहे. त्यात ती जमीन, ती खाडी, ते भांडकुदळ घर सगळं एकजीव आहे. दुसऱ्या खंडात काळ जवळ येतो, स्वातंत्र्याची चळवळ येते, आणि पेंडसे थोडे घाईत आहेत असं वाटतं. पण एकदा त्या घरात शिरलेला माणूस मधे उठून जात नाही.

बाबांना कोकणी माणसाचा अंदाज नसेल तर आधी 'गारंबीचा बापू' वाचा. १९५२ सालची, आटोपशीर, आणि बापू आणि राधा यांची बोलणी ऐकायला तर फारच चांगली. बापूचा ताठा तुमच्या बाबांना आवडेल असं वाटतं.

माझं सध्याचं वाचन म्हणजे येऊ घातलेल्या दिवाळी अंकांची तयारी. गेल्या वर्षीचे उरलेले अंक संपवते आहे. वर्गणीदार अजून मागतात म्हणून ते कपाटात परत जायला हवेत.

---

पंचगंगाकाठ

ताई, आमच्या कागलकडचं एक सुचवतो. आनंद यादवांची 'गोतावळा', १९७१ची. नारबा नावाचा शेतगडी स्वतः सांगतोय, सगळी कादंबरी त्याच्या बोलीत. मालकाच्या मळ्यात बैलं, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मग मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जायला लागतं. शेती केलेल्या माणसाला हे ऐकवायला पायजे. फिरस्तीचं नाही हे खरं, पण रडणंही नाही. नारबा रडत नाही, तो बघत राहतो. आमच्या थोरल्या काकांना मी वाचून दाखवली तवा ते म्हणाले, "ही आपली तांबडी हाय." तांबडी आमची गाय. विकली त्याला किती वर्षं झाली, तरी तिचं नाव त्यांच्या तोंडी आलं.

मी सध्या कृष्णात खोतांची 'रिंगाण' वाचतोय. २०२३चा साहित्य अकादमी मिळालेली. धरणानं उठवलेलं गाव, आणि मागं राहिलेल्या म्हशीच्या शोधात तिकडं परत गेलेला देवाप्पा. 'गोतावळा'नंतर हे वाचलं की दोन्ही पुस्तकं एकमेकांशी बोलतात असं वाटतं. तिथं यंत्र आलं म्हणून जनावर गेलं, इथं माणूस उठवला आणि जनावर रानटी झालं. पण तुमच्या बाबांसाठी एवढ्यात नको. दाट लिहिलंय, मला स्वतःला दोनदा वाचावं लागतंय.

आणि हसायचं पाहिजे असेल तर शंकर पाटील आणि द. मा. मिरासदारांच्या कथा. हे दोघं आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगावी फिरून कथाकथन करायचे. स्वतःच्याच कथा लोकांपुढं सांगून सांगून त्यांचं लिहिणं कानाला बसलंय. कुठं थांबायचं ते वाक्यातच कळतं. पाटलांची 'धिंड' वाचा, बाबा पोट धरून हसतील.

---

मृगबहार

वाशिष्ठीताई, नातं आधी सांगायचं हे मला सुचलंच नसतं. फार उपयोगाचं आहे.

पंचगंगाकाठदादा, 'गोतावळा' लगेच यादीत. एकच शंका. कोल्हापुरी बोली माझ्या तोंडी नीट येईल का? 'धग' वाचताना मी माझंच बोलते. दुसऱ्या मुलखाची बोली नक्कल केल्यासारखी झाली तर ते नारबाला शोभणार नाही.

---

पंचगंगाकाठ

नक्कल करूच नका. लिहिलंय तसं, तुमच्या चालीत वाचा. यादवांनी वाक्याची घडणच अशी केलीय की चाल आपोआप येते. पहिली दहा पानं अडखळाल, पुढं नाही.

---

जुनी_पेठ

फिरस्तीचंच हवं असेल तर विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' सोडून दुसरं कुठलं पुस्तक मला सुचत नाही. मी निवृत्त झालो तेव्हापासून दर एक-दोन वर्षांनी ते वाचतो, आत्ताही तेच चालू आहे.

पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज झालं म्हणून १८५७ साली काकांना सोबत घेऊन उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हेतू. आणि वाटेत बंडाच्या ऐन मध्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो गावात होता. इंग्रज आत शिरल्यावर जे झालं ते त्यानं लपून राहून, जीव मुठीत धरून पाहिलं. मिळवलेले पैसे वाटेत लुटले गेले, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यानं घरापर्यंत आणली.

या माणसाला इतिहास लिहायचा नव्हता, म्हणूनच मला तो इतका विश्वासू वाटतो. झाशीची राणी त्याला दिसते ती घोड्यावरच्या पुतळ्यासारखी नाही. तो तिची दिनचर्या सांगतो, दानधर्म सांगतो, दक्षिणा किती मिळाली तेही सांगतो. त्याच शांतपणानं तो मुडद्यांनी भरलेल्या गल्ल्याही सांगतो. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यानं हे लिहून काढलं, आणि छापलं गेलं ते १९०७ साली. वैद्यांनी त्यात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी नंतर काढली. मिळाली तर तीच घ्या. भाषा जुनी आहे, पण ती मुळातच सांगणाऱ्याची भाषा आहे, पोथी ऐकलेल्या कानाला जड जाणार नाही.

एक सुचवू का? हल्ली ऑडिओबुकं पुष्कळ निघाली आहेत, मराठीतही. तुमचा घसा रोज शिणत असेल तर एक आड एक दिवस ती लावून पाहा.

---

मृगबहार

काका, ऑडिओबुक लावून पाहिलं. बाबांनी दहा मिनिटांत बंद करायला सांगितलं. वाचणाऱ्याचा आवाज उत्तम होता, पण "याले थांब म्हणता येत नाही" ही त्यांची तक्रार. त्यांना मधे बोलायचं असतं. खरं सांगायचं तर मलाही ते बोलणं हवं आहे. आमच्या आजोबांबद्दल, पडलेल्या विहिरीबद्दल, आईच्या लग्नाबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं या वाचनात मधे थांबून सांगितलेलं आहे. घसा शिणला की आम्ही तेवढ्यावरच थांबतो.

गोडसे भटजींचं मात्र ठरलंच समजा. कर्ज फेडायला घर सोडून निघालेला माणूस म्हटल्यावर बाबांना पहिल्या पानापासून गोडी लागेल.

---

तापीकाठ

ताई, मी जळगावची. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही याचं नवल वाटलं म्हणून लिहिते आहे.

१९३४ ते ३६ या काळात चार भागांत आलेलं आत्मचरित्र. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, ते रेव्हरंड टिळकांनी शिकवलं. लिहिण्याची शिस्त लागण्याआधीच बोलण्याचा बाज पक्का झालेला होता, आणि तोच त्यांनी कागदावर जसाच्या तसा ठेवला. वडिलांच्या सोवळ्याची प्रकरणं वाचताना आमच्याकडे सासूबाई आणि माझी मुलगी एकदमच हसत होत्या, दोघींच्या वयात साठ वर्षांचं अंतर आहे.

पण मी ते हसण्यासाठी सुचवत नाही. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, पदरी लहान मूल, माहेरच्या माणसांच्या आधारानं. मग हळूहळू, अगदी पाण्याच्या एका घोटापासून, त्यांनी जातिभेद स्वतःच्या मनातून काढून टाकला. कुणी उपदेश केला म्हणून नाही, स्वतः विचार करून. तो भाग वाचून झाल्यावर आमच्या सासूबाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला हे जमलं नसतं." ऐंशीच्या पुढच्या बाईनं असं म्हणणं मला फार मोठं वाटलं. 'धग'मधल्या कौतिकबद्दल तुम्ही जे लिहिलंत, ती सोसत नाही, मांडते, ते मला लक्ष्मीबाईंबद्दलही म्हणावंसं वाटतं. म्हणून 'धग' संपल्यावर ही बाई बाबांना भेटू द्या. त्यात फिरस्तीही भरपूर आहे. टिळकांनी एका गावी संसार टिकू दिलाच नाही.

आणि मधल्या रिकाम्या दिवसांसाठी बहिणाबाई चौधरी ठेवा. गाणी त्यांच्या तोंडी होती, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती उतरवून घेतली, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. शेत केलेल्या माणसाला त्यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. रोज एकच वाचा, जास्त नको.

माझं पुढचं वाचन ठरलेलं आहे. दया पवारांचं 'बलुतं' मुलीबरोबर वाचायचं आहे. ती अकरावीत गेली, आता वाचायला हवं.

---

रानमोगरा

थोडक्यात लिहितो. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' ठेवा हाताशी. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख आहे. जो महिना चालू असेल तोच वाचायचा. मी गेल्या चैत्रात सुरू केलं, आता आषाढापर्यंत आलोय. वाक्यं लांब आहेत, सलग ऐकायला जड जाईल, अर्धा लेख पुरे. पण बागाईतदार माणूस दुर्गाबाईंशी फुलोऱ्यावरून वाद घालेल, आणि त्यात मजा आहे.

---

मृगबहार

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री बाबांना तुमच्या सगळ्यांची उत्तरं वाचून दाखवली. हेही ते पुस्तकासारखंच ऐकत होते. तांबडी गाईच्या ठिकाणी त्यांनी थांबवलं आणि आमच्या खोंडांची नावं सांगितली, जी मला माहीतच नव्हती. यादी आता त्यांनीच लावली आहे. 'धग' संपली की चार दिवस बहिणाबाई, मग गोडसे भटजी. दिवाळीपर्यंत 'स्मृतिचित्रे'. मृगाचा बहार धरला असेल तर थंडीत बागेत राखणीला जावं लागतं, धाकटा भाऊ जातो, घर रिकामं असतं, तेव्हा 'तुंबाडचे खोत'. 'गोतावळा' त्यांनी उन्हाळ्यावर टाकली. कारण विचारलं तर म्हणाले, "जनावरं विकल्याचं उन्हाळ्यातच आयकाव."

'रानमोगरा'दादा, आषाढाचा लेख आजच काढते. वाद होईल याची खात्री आहे.

मला स्वतःला मात्र या धाग्यावरून एक वेगळीच ओढ लागली. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात, घरापासून जवळ. लहानपणापासून जत्रेला गेलो, पण 'लीळाचरित्र' मी पाठ्यपुस्तकातल्या दोन लीळांपलीकडे कधी वाचलं नाही. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, आणि तोही ऐकलेल्या, आठवलेल्या गोष्टींचा. म्हाइंभटांनी माणसं गाठून गाठून त्यांच्याकडून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. आमच्या मातीत जमवलेलं हे बोलणं बाबांना ऐकवायला पाहिजे असं वाटतं. कुणी वाचून दाखवलं आहे का? जवळजवळ साडेसातशे वर्षांपूर्वीची मराठी ऐकून कळते का?

---

जुनी_पेठ

कळते, पण तयारी करावी लागते. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली प्रत घ्या, राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७८ साली काढलेली. मोठ्या वाचनालयात असते. आदल्या दिवशी एक लीळा स्वतः दोनदा वाचा, अडलेले शब्द काढून ठेवा, मग बाबांना आधी आजच्या बोलीत गोष्ट सांगा आणि त्यानंतर मूळ वाचा. लीळा बहुतेक लहान आहेत, एका बैठकीत दोन-तीन होतात. उत्तरार्धापासून सुरुवात केलीत तरी चालेल, तिथे भक्तमंडळींची बोलणी जास्त आहेत आणि माणसं लवकर ओळखीची होतात. बाबांना वऱ्हाडीतली कितीतरी रूपं त्यात ओळखीची वाटतील. मी पुण्यात बसून अडतो तिथे ते अडणार नाहीत.

---

वाशिष्ठी

मृगबहार, खोतांचा वंशवृक्ष मी आत्येसाठी कागदावर काढला होता, दोन्ही खंडांचा. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठल्या घरातली, सगळं आहे. फोटो काढून उद्या इथे टाकते. फक्त त्यात पुढे काय होतं तेही काही ठिकाणी लिहिलं आहे, तेव्हा बाबांना वाचून दाखवताना ते गाळा.